नवे कासव डोळे मिटून बसते, काहीच खात नाही: माझा अनुभव

इंग्लंडमधील आमच्या घरी आणलेले हरमन जातीचे कासव पहिले आठ दिवस कोपऱ्यात डोळे मिटून बसून राहिले आणि त्याने अन्नाला तोंडही लावले नाही. काकडी, टोमॅटो, लेट्यूस आलटून पालटून दिले, पेटीची जागा दोनदा बदलली, पण फरक पडला नाही. ते दिवस फार काळजीत गेले.

दोष खाण्यात नव्हता. कासव शरीराची उष्णता बाहेरून मिळवते, आणि ती कमी पडली की पचन मंदावून त्याची भूकच मरते. पेटीतल्या ऊब देणाऱ्या दिव्याखाली थर्मामीटर ठेवला तेव्हा तापमान अवघे २४ अंश सेल्सिअस भरले. शिवाय यूव्हीबी नळी (कासवाला लागणारे अतिनील किरण देणारा नळीसारखा दिवा) काचेच्या झाकणावर ठेवलेली होती, आणि साधी काच ते किरण जवळजवळ सगळेच अडवते.

प्रथम झाकण काढून नळी पेटीच्या आत बसवली. नंतर दिवा खाली घेऊन त्याखालच्या सपाट दगडावर ३२ ते ३५ अंश तापमान येईपर्यंत उंची जुळवली आणि दुसरे टोक सुमारे २२ अंशांवर थंड राहू दिले. दोन्ही दिवे रोज १२ तास चालू ठेवले. सकाळी तासभर ऊब मिळाल्यावर कासवाला हनुवटीखाली राहील इतक्याच कोमट पाण्यात १५ मिनिटे बसवले आणि लगेच डँडेलियन या रानटी रोपाची पाने कॅल्शियमची भुकटी भुरभुरून समोर ठेवली.

चौथ्या दिवशी त्याने अख्खे पान खाल्ले. मात्र नाकातून पाणी येत असेल किंवा कासव तोंड उघडून श्वास घेत असेल, तर हे प्रयोग न करता थेट पशुवैद्याकडे न्यावे.