नात्यांवरची कादंबरी वाचताना मी नोंदी कशा ठेवते

पेन्सिल आणि शंभर पानी वही, एवढंच लागतं. पहिल्या वाचनात कथानक लिहीत बसू नका. जिथे घसा दाटला, राग आला किंवा पुस्तक उपडं ठेवून उठावंसं वाटलं, त्या पानाचा आकडा आणि एकच ओळ. तीही त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी. दुसऱ्या दिवशी मन शहाणं होतं आणि खरं लिहू देत नाही.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) घ्या. तनय आणि अनुजा, सख्खे बहीणभाऊ, घरी भाड्याने राहायला आलेल्या एकाच मुलाच्या प्रेमात पडतात. आधी तनय त्या मुलाला उद्देशून बोलतो, मग अनुजाची डायरी येते. तनयचा भाग वाचताना मी पूर्ण त्याच्या बाजूची होते. वहीत अनुजाबद्दल लिहिलं, ‘ही निघून गेलीच कशी?’ पुढे अनुजाचं सगळं वाचलं आणि ती ओळ बघून डोळे भरून आले. माझ्या धाकट्या भावालाही मी असंच एकदा, त्याचं काही न ऐकता, चुकीचं ठरवलं होतं. ओळ खोडली नाही. खाली तारीख घालून नवी लिहिली. तुम्हीही खोडू नका.

दुसरं वाचन सहाएक महिन्यांनी, वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने. ‘आवडलं’, ‘पटलं नाही’ एवढ्यावर थांबू नका; कोणाची आठवण आली ते लिहा. आणि वही कुणाला दाखवायची नाही हे आधीच ठरवा, नाहीतर हात आखडतो.