‘गेट’ वापरताना या चुका टाळा

‘टिकिट्स आर नॉट गेटिंग.’ मराठीत विचार करून इंग्रजी बोलताना हे वाक्य हमखास तोंडून जातं. ‘तिकीट मिळत नाही’ म्हणताना आपल्याकडे तिकीट हा कर्ता असतो आणि ज्याला ते मिळायचं तो ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. ‘गेट’ (get) या इंग्रजी क्रियापदाला हे चालत नाही. ज्याच्या हाती वस्तू पडते, तोच कर्ता: ‘आय कान्ट गेट टिकिट्स.’ ‘डिड माय मेल गेट?’ हेही चूक. ‘डिड यू गेट माय मेल?’ असं विचारा. वस्तूलाच पुढे ठेवायचं असेल तर क्रियापद बदला: ‘टिकिट्स आर नॉट अव्हेलेबल.’

अडलात तर आधी मराठी वाक्यात ‘मला’, ‘त्याला’, ‘आम्हाला’ शोधा. बहुतेक वेळा तेच ‘आय’, ‘ही’, ‘वी’ होऊन पुढे येतं. मला सर्दी झाली: ‘आय गॉट अ कोल्ड.’ त्याला विनोद कळला नाही: ‘ही डिडन्ट गेट द जोक.’ मला उशीर होतोय, इथे मात्र ही युक्ती फसते. ‘आयम गेटिंग लेट’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण ब्रिटिश-अमेरिकन कानाला खटकतं. तिथे ‘आयम रनिंग लेट’ म्हणतात. ‘इट्स गेटिंग लेट’ वेगळं: बरीच वेळ झाली, आता निघायला हवं.

‘गेट’ बदल दाखवतं, स्थिती नाही. ‘आय गॉट मॅरिड इन 2015’ ही घटना झाली. ‘आयम मॅरिड’ ही आजची स्थिती. म्हणून ‘आय गॉट मॅरिड सिन्स 2015’ जमत नाही, तिथे ‘आय हॅव बीन मॅरिड सिन्स 2015’ हवं. आणि लग्न ‘विथ’ नव्हे, ‘टु’: ‘शी गॉट मॅरिड टु अ डॉक्टर.’

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दुसऱ्याकडून काम करून घेताना. मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं तरी ते न्हाव्याने कापले हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे कात्री तुमच्याच हातात होती. बरोबर वाक्य: ‘आय गॉट माय हेअर कट.’ क्रम पक्का आहे: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट द कार रिपेअर्ड’, ‘रिपेअर’ नव्हे. काम करणाऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर साचा बदलतो आणि ‘टु’ येतो: ‘आय गॉट हिम टु साइन.’ ‘मेक’ला हा ‘टु’ लागत नाही: ‘आय मेड हिम साइन.’ अर्थही सारखा नाही. ‘मेड’मध्ये सक्ती आहे, ‘गॉट’मध्ये बहुधा समजावणं, मागे लागणं, गळ घालणं.

‘उतरणे’ म्हणजे दरवेळी ‘गेट डाउन’ नव्हे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं (बस, ट्रेन, विमान) त्यासाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार-टॅक्सीसाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्यावर टांग टाकून बसतो त्या सायकलला पुन्हा ऑन-ऑफच. घरी पोचताना ‘टु’ गाळा: ‘आय गॉट होम’, पण ‘आय गॉट टु द ऑफिस’.

‘गेट’चं तिसरं रूप म्हणून ‘गॉटन’ ऐकलं की लोक नाक मुरडतात, अमेरिकनांनी भाषा बिघडवली म्हणतात. उलट हे रूप जुनं आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातही ते सापडतं. ब्रिटनने पुढे ते जवळजवळ सोडून दिलं, अमेरिकेने जपलं, आणि त्यातून एक उपयोगी फरक साधला: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली. ब्रिटिश धाटणीत लिहीत असाल तर मात्र ‘गॉट’च ठेवा.

मूळ शब्दच आयात. व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेता’पासून ‘गेट’ आलं. जुन्या इंग्रजीत याचं भावंड होतं, पण ते उपसर्ग लावूनच वापरात होतं. ‘फरगेट’ त्याच घराण्यातलं.

अर्ज, अहवाल, करारात ‘गेट’ शक्यतो टाळा. मिळालं तर ‘रिसीव्ह’, प्रयत्नाने मिळवलं तर ‘ऑब्टेन’, झालं तर ‘बिकम’. पण आंधळेपणाने बदलू नका. ‘गेट मॅरिड’चं ‘बिकम मॅरिड’ केलंत तर वाचणारा अडखळेल, आणि ‘गेट रिड ऑफ’मध्ये ‘गेट’च्या जागी दुसरं काही बसतच नाही, तिथे अख्खा वाक्प्रचार काढून ‘रिमूव्ह’ किंवा ‘डिस्कार्ड’ लिहावं लागतं.