लिनक्सवर स्क्रीन फुगलेली दिसतेय? आधी केबल बघा, कमांड नंतर

इंदूरला रामबागेत मावशी राहते, तिच्या जुन्या पीसीवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून दिली होती, मस्त चालत होतं. मग दिवाळीच्या साफसफाईत टेबल हललं, कुणीतरी मॉनिटरला दुसरीच केबल लावली आणि मावशीचा फोन, अगं अक्षरं कशी पसरट न जाडी झालीयेत, पंचांगसुद्धा वाचवत नाही. जाऊन बघते तर सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर ऑप्शनच नाही आणि मॉनिटर १९२० बाय १०८० चा! असं झालं की लोक लिनक्सच उडवून टाकतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा दोष भलतीकडेच असतो.

होतं काय, की प्रत्येक मॉनिटरच्या पोटात स्वतःची माहिती भरलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात, मूळ ब्लॉक फक्त १२८ बाइटचा. मी अमुक साइजचा, मला हे हे रिझोल्यूशन चालतं, हे तो केबलमधूनच कम्प्युटरला सांगतो. ते पोचलंच नाही तर समोर कोण आहे हे कम्प्युटरला कळणार कसं, मग तो आपला लहान, सेफ आकडा धरून बसतो.

म्हणून पहिलं काम केबल. व्हीजीएची निळी केबल असेल तर काढून तोंड उजेडात धरा. पाच-पाचच्या तीन ओळी, एकूण १५ पिना. नववी पिन नसली तरी घाबरू नका, पुष्कळ केबलींत ती मुळातच नसते. बघायच्या त्या १२ आणि १५ नंबरच्या, ईडीआयडी त्यांच्यावरूनच येतं. मावशीच्या केबलमध्ये १५ नंबरची, अगदी कोपऱ्यातली, आडवी होऊन चिकटली होती. जेल रोडवरून नवी केबल आणली, लावली, रीस्टार्ट केलं, झालं काम, एक कमांड नाही मारली. मधे स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर असेल तर तोही एकदा काढून डायरेक्ट लावून बघा.

केबल चांगली आहे तरी तेच? मग टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून एक्सरँडर चालवा, स्पेलिंग एक्स आर ए एन डी आर, सगळं स्मॉल. यादी येते त्यात चांदणी म्हणजे आत्ता चालू असलेलं रिझोल्यूशन, अधिकचं चिन्ह म्हणजे मॉनिटरला स्वतःला आवडणारं. अधिकवालं दिसतंय पण चांदणी दुसरीकडे आहे, तर नुसतं डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ते निवडा.

यादीच छोटी असेल तर ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्या. एलएसपीसीआय डॅश के मारा आणि व्हीजीएवाल्या ओळीखाली कर्नल ड्रायव्हर इन यूज असं आहे का बघा. नसेल तर पुष्कळदा नोमोडसेट, म्हणजे बूट होताना ग्राफिक्स ड्रायव्हरला थांबवणारा शब्द, राहून गेलेला असतो. इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन आली की आपण ग्रबमध्ये, म्हणजे कम्प्युटर चालू होताना येणाऱ्या बूटच्या मेनूत, ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहितो आणि एफ१० दाबतो, हे बरोबरच आहे, पण ते तेवढ्या एका बूटपुरतं असतं. कुणी ते ग्रबच्या फाइलमध्ये कायमचं टाकलं असेल तर काढा आणि सुडो अपडेट-ग्रब करा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून रेकमेंडेडवालाच घ्या. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटच्या वेळी अडवणारी सेटिंग) चालू असेल तर त्यानंतरच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके करून पासवर्ड द्यावा लागतो, ती घाईत निघून गेली तर ड्रायव्हर टाकूनही लोडच होत नाही!

हे सगळं करून झाल्यावरच हाताने मोड बनवायचा. सीव्हीटी १९२० १०८० लिहिलं की मोडलाइनची एक ओळ मिळते, ती एक्सरँडर डॅश डॅश न्यूमोडला द्या, मग ॲडमोडने एक्सरँडरच्या यादीतल्या पोर्टच्या नावाला जोडा, मग आउटपुट आणि मोड देऊन चालू करा. १३६६ वाला मॉनिटर असेल तर सीव्हीटी १३६८ देतं, कारण रुंदीला आठने भाग जावा लागतो, तुमचं काही चुकलेलं नाही. स्क्रीन काळी झालीच तर रीस्टार्ट करा, असा बनवलेला मोड आपोआप पुसला जातो, आणि नीट चालला तर त्याच ओळी होम फोल्डरमधल्या डॉट एक्सप्रोफाइलमध्ये टाकून ठेवा. पण हे एक्स११ वरच, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या जुन्या सिस्टीमवर (तिलाच एक्सऑर्ग म्हणतात), उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये आता डिफॉल्ट नवी सिस्टीम वेलँड असते आणि तिथे न्यूमोड चालत नाही, लॉगिनला गिअरच्या चिन्हात एक्सऑर्गचा ऑप्शन दिसत असेल तर तो निवडून करा.

आणि टीव्हीला लावल्यावर फक्त कडा कापल्या जात असतील तर कम्प्युटरला हात लावू नका, टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइजमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट करा.