वॉकीटॉकीत स्क्रॅम्बलर बसवताय? या चुका टाळा

स्क्रॅम्बलर म्हणजे बोलणं तिऱ्हाइताला कळू नये म्हणून सेटमध्ये घालायचा छोटा बोर्ड. तो बसवलेला सेट ‘आवाज फाटतोय’, ‘मागं किचकिच येतीय’ अशी तक्रार घेऊन परत आला की पहिला संशय बोर्डावर जातो. बोर्ड बहुतेक वेळा धडधाकट असतो. तो चुकीच्या जागी जोडलेला असतो, नाहीतर ज्या सेटमध्ये घातला तो सेटच आधीपासून बिघडलेला असतो. साखर कारखान्यांचे शेतकी गट आणि वजनकाटे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, खाजगी सुरक्षा रक्षक, सगळीकडच्या सेटमध्ये चुका त्याच त्याच सापडतात.

आधी हा बोर्ड करतो काय ते डोक्यात पक्कं हवं. साधा स्क्रॅम्बलर आवाज उलटा करतो. बोलण्याचा पट्टा साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचा. बोर्डाची वारंवारता ३३०० हर्ट्झ असेल तर प्रत्येक सूर तिच्यातून वजा होतो, म्हणजे ५०० हर्ट्झचा सूर २८०० वर जातो आणि १००० चा २३०० वर. समोरचा बोर्ड तेच गणित परत करतो आणि आवाज सरळ होतो. एवढंच काम आहे. त्यामुळे हा बोर्ड फक्त बोलण्याच्या वाटेत बसला पाहिजे. पाठवताना माइकच्या अॅम्प्लिफायरनंतर आणि प्री-एम्फसिसच्या (वरचे सूर वाढवणाऱ्या भागाच्या) आधी, घेताना डी-एम्फसिसनंतर (ते परत कमी करणाऱ्या भागानंतर) आणि आवाजाच्या नॉबच्या आधी. ही वाट सर्किटच्या नकाशात बोट ठेवून शोधा. ‘दुसऱ्या मॉडेलात इथंच होतं’ म्हणून वायर लावणाऱ्यांचे सेट हमखास परत येतात.

ट्रॅक तोडला, पण तुटला नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. बोर्ड घालायचा तर आवाजाची मूळ वाट तोडावी लागते. आयकॉमच्या यूटी-१०९ आणि यूटी-११० बोर्डांसाठी तर सेटच्या पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) माइकच्या आणि डिस्क्रिमिनेटरच्या (आलेल्या सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाच्या) वाटेवर एकेक जागा कापायला सांगितलेली असते. घाईत ब्लेडची एक रेघ मारतात, तांबं चमकलं की झालं म्हणतात आणि लगेच शेजारच्या पॅडवर वायर झाळतात. तापलेलं शिसं त्याच चिरेत ओघळतं आणि वाट पुन्हा जुळते.

एका कारखान्याच्या चौदा सेटपैकी तीन सेटचं असंच झालं. ऐन गळीत हंगाम, यार्डात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आणि त्या तीन सेटवरून बोललं की समोर आवाज तर येई, पण मागं चिमण्या ओरडल्यासारखी किचकिच. चालवणारे म्हणत होते, ‘रेंज न्हाय.’ आधी अँटेना बदलल्या. मग बॅटऱ्या. मग तिन्ही बोर्ड नवे घातले. फरक शून्य. शेवटी त्याच चॅनलवर, त्याच सबटोनवर (बोलण्यासोबत जाणारा, समोरचा सेट उघडणारा खालचा टोन), स्क्रॅम्बलर बंद ठेवलेला एक साधा सेट टेबलावर ठेवला आणि यार्डातून एकाला बोलायला लावलं. ‘दोन नंबर काट्यावरच्या गाड्या थांबवा’ हे शब्द त्या साध्या सेटवर अक्षर न् अक्षर कळत होते. म्हणजे सरळ आवाज आणि उलटा आवाज दोन्ही एकदमच हवेत जात होते. समोरचा बोर्ड उलट्याचा सरळ करत होता आणि सरळ गेलेल्याचा उलटा. मागची किचकिच ती. भिंगाखाली चिरेत केसाएवढा शिशाचा धागा दिसला, तिन्ही सेटमध्ये त्याच ठिकाणी. महिनाभर गुप्त समजून बोललेलं सगळं उघड्यावर होतं.

म्हणून एक रेघ कधीच पुरत नाही. ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडनं एक ते दीड मिलिमीटर अंतरावर दोन चिरा द्या आणि मधला तांब्याचा तुकडा उचलून काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. बॅटरी काढून मीटरनं दोन्ही टोकांत बघा. आजूबाजूच्या भागांमधून थोडा रेझिस्टन्स दिसू शकतो, पण शून्याजवळ काही दिसता कामा नये. वायर झाळून झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करा, कारण घोळ झाळल्यानंतरच होतो. आणि सेट हातातून सोडण्याआधी साध्या सेटची परीक्षा घ्याच. दोन स्क्रॅम्बलरवाले सेट एकमेकांशी छान बोलतात यावरून गुप्तता आहे हे ठरत नाही.

आवाजाची पातळी कानानं लावणं

दुसरी चूक डेव्हिएशनची (आवाजामुळं सेटची वारंवारता किती हलते त्याची), आणि तिचं कारण समजून न घेता पॉट (पातळी लावायचा स्क्रू) फिरवणारे पुष्कळ. माणसाच्या बोलण्यातला जोर खालच्या सुरांत, पाचशे-सहाशे हर्ट्झच्या आसपास असतो. बोर्ड तो जोर उचलून २७००-२८०० वर नेऊन ठेवतो. पुढं प्री-एम्फसिस वरचे सूर दर सप्तकाला ६ डेसिबलनं वाढवतं. म्हणजे आवाजाचा सगळ्यात जोरकस भाग सगळ्यात जास्त वाढवला जातो आणि लिमिटरवर (पातळी हद्दीबाहेर जाऊ न देणाऱ्या भागावर) जाऊन आदळतो. लिमिटरनं शेंडा छाटला की नवे सूर जन्माला येतात, आणि समोर उलटवताना ते भलत्याच जागी पडतात. मूळ २५०० चा सूर हवेत ८०० होऊन जातो. छाटल्यामुळं त्याचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा सूर) २४०० तयार होतो, आणि समोरचा बोर्ड त्याचे ९०० करतो. त्या ९०० चा मूळ आवाजाशी काही संबंध नाही. साध्या सेटमध्ये फाटलेला आवाज निदान कळतो, स्क्रॅम्बलरमध्ये फाटलेला कळत नाही.

१००० हर्ट्झचा टोन देऊन स्क्रॅम्बलर चालू आणि बंद अशी डेव्हिएशन सारखी करायला जाल तर फसाल. चालू केल्यावर तो टोन २३०० होतो आणि प्री-एम्फसिस त्याला सात डेसिबल जास्त देतं. तुलना करायची तर बोर्डाच्या वारंवारतेच्या बरोबर निम्मा टोन घ्या. ३३०० च्या बोर्डाला १६५० हर्ट्झ. तो उलटवला तरी १६५० च राहतो. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावा, १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर साध्या मोडमध्ये दीड किलोहर्ट्झ डेव्हिएशन येईल इतका टोन द्या, मग स्क्रॅम्बलर चालू करून बोर्डाचा पाठवायचा पॉट पुन्हा दीडवर आणा. तिथून पुढं तीन डेसिबल खाली आणायचे, म्हणजे साधारण १.०५ वर. हे तीन डेसिबल कुठल्या मॅन्युअलमध्ये नाहीत, ही सवय आहे. पण मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाच्या हातात सेट गेला की तिचा उपयोग कळतो. शेवटी खरं बोलून बघा. शिखरं २.५ किलोहर्ट्झच्या वर जाता कामा नयेत, २५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर ५ च्या.

फाउंड्रीत पंख्याची घरघर हाच खालचा सूर असतो, तोही वर जाऊन तसाच फुगतो. तिथं माइक तोंडापासून दोन बोटांवर धरायला शिकवा. माइकचा गेन वाढवून हा प्रश्न वाढतोच.

समोरचा आवाज घागरीतून आल्यासारखा घुमत असेल तर पॉटला हात लावू नका. घेताना वायर डी-एम्फसिसच्या आधी लागली आहे. खालचे सूर दोनदा वाढतायत.

सबटोन

सबटोन, म्हणजे सीटीसीएसएसचा टोन, स्क्रॅम्बलरमधून जाता कामा नये. ८८.५ हर्ट्झचा टोन ३३०० च्या बोर्डातून गेला तर ३२११.५ होतो आणि पुढच्या फिल्टरमध्ये मरतो. समोरचा स्क्वेल्च (आवाज अडवून धरणारा भाग) उघडत नाही, मग लोक सबटोनच बंद करून ‘चालू झाला’ म्हणतात. ही दुरुस्ती नव्हे. पाठवताना सबटोन बोर्डाच्या नंतर मिसळला पाहिजे, घेताना डिकोडरची वायर बोर्डाच्या आधी निघाली पाहिजे. आणि घेताना बोर्डात शिरण्याआधी ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळलेलं हवं, नाहीतर स्पीकरमध्ये सतत बारीक शिट्टी येते. शिट्टी कुठली ते ओळखायला पाठवणाऱ्या सेटचा सबटोन क्षणभर बंद करा. शिट्टी थांबली तर सबटोन, नाही थांबली तर बोर्डाचा स्वतःचा कॅरिअर (ज्यातून सूर वजा होतात ती वारंवारता) गळतोय.

वीज आणि आरएफ

बोर्डाला पुरवठा स्विचच्या पुढून घ्या. थेट बॅटरीवरून घेतला तर बंद सेटसुद्धा रात्रभर बॅटरी पितो. हातातल्या ७.४ व्होल्टच्या सेटमध्ये ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर घालू नका, बॅटरी उतरत आली की त्याला वरचे दोन व्होल्ट मिळत नाहीत. एलपी२९५० सारखा कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर घ्या.

१ वॉटवर आवाज स्वच्छ आणि ५ वॉटवर घोगरा, म्हणजे आरएफ (सेटचा स्वतःचा पाठवायचा सिग्नल) बोर्डात शिरतोय. वायरी आखूड करा, पॉवर अॅम्प्लिफायरपासून लांब न्या, बोर्डाच्या आत-बाहेरच्या टोकांना जमिनीशी १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. शिल्ड एकाच टोकाला जमिनीला जोडा.

प्रोग्रामिंग

केबल लावली की पहिलं काम वाचायचं, लिहायचं नाही. सेटमध्ये आहे ते वाचून सेटच्या नंबरानं फाइल जतन करा. कोरी फाइल लिहून सगळी चॅनल पुसणारे शिकाऊ दर हंगामात भेटतात, आणि जुनी फाइल कुणाकडेच नसते. प्रोलिफिक चिपची नक्कल असलेली स्वस्त केबल नव्या विंडोजवर ओळखलीच जात नाही. तिच्यामागं दुपार घालवण्यापेक्षा चांगली केबल घ्या.

कोडच्या बाबतीत नाव सारखं म्हणून काम सारखं होत नाही. एका कंपनीचा ३ नंबरचा कोड म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ३ नव्हे. आयकॉमच्याच यूटी-१०९ ला ३२ कोड आहेत, यूटी-११० हा बदलत्या कोडचा (बोलता बोलता कोड बदलत राहणारा) असून त्याला १०२० आहेत, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. साध्या उलटणाऱ्या बोर्डांत वारंवारता थोडी चुकली तर आवाज तेवढ्यानं सरकतो. एक ३३०० वर आणि दुसरा ३२०० वर असेल तर शंभर हर्ट्झचाच फरक पडतो आणि बोलणं व्यवस्थित कळतं. म्हणून शेजारच्या गटाला ‘जवळचा’ कोड देऊन आपण वेगळे झालो असं समजू नका. हाताशी संगणक आणि थोडी चिकाटी असलेला माणूस साधं उलटणं सहज सरळ करतो. हा बोर्ड रस्त्यावरच्या उगाच ऐकणाऱ्यासाठी आहे, तेवढंच गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा.

बदलत्या कोडचा बोर्ड असेल तर बटण दाबल्यावर अर्धा-एक सेकंद थांबून बोलायला शिकवा, नाहीतर पहिला शब्द जातो, आणि तो नेमका ‘नको’ असू शकतो. गगनबावड्याच्या घाटात जिथं सिग्नल तुटक आहे तिथं अशा दोन बोर्डांचा एकमेकांशी मेळ वारंवार तुटतो. तिथं साधा उलटणारा बरा.

रिपीटरमध्ये (सिग्नल घेऊन लांबवर पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रात) स्क्रॅम्बलर घालू नका. रिपीटर आला तसा आवाज पुढं देतो. कंपांडर (आवाजाची पातळी दाबून परत पसरवणारी सोय) आणि व्हॉक्स (बोललं की आपोआप पाठवणारी सोय) बंद ठेवून आधी चाचणी घ्या. डिजिटल चॅनलवर हा बोर्ड कामाचा नाही.

एक चॅनल कायम उघडं ठेवा, आणि ते कुठलं हे सेटच्या पाठीवर लिहा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं जे दाखवलं त्यानंतर हे वेगळं सांगायला नको. पुरात बोटीवाला, गावातला स्वयंसेवक आणि कारखान्याचा सेट यांना एकमेकांचं कळलं पाहिजे, तिथं स्क्रॅम्बलर भिंत होऊन उभा राहतो.

परवाना बघितल्याशिवाय हे काम हातात घेऊ नका. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्यावर बोलणं उघड्या, साध्या भाषेतच करायचं असतं, तिथं स्क्रॅम्बलरला जागाच नाही. व्यावसायिक सेट असतील तर परवान्याच्या अटी वाचा आणि आवाज गुप्त ठेवायला परवानगी आहे का हे मालकानं डब्ल्यूपीसीकडून (वायरलेसचे परवाने देणारा केंद्र सरकारचा विभाग) लेखी घ्यावं.

बोर्ड काढताना

बोर्ड काढून टाकला आणि सेट मुका झाला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी कापलेले ट्रॅक जोडलेलेच नसतात. माइकची वाट तुटकी असेल तर आवाज जात नाही, डिस्क्रिमिनेटरची तुटकी असेल तर ऐकू येत नाही. दोन्ही जागी बारीक तारेचा पूल द्या, प्रोग्राममधून स्क्रॅम्बलर बंद करा, आणि १००० हर्ट्झ देऊन डेव्हिएशन मोजा. बसवण्याआधी मोजलेला आकडा झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर असेल तर त्याच्याशी ताडून झाकण बंद करा. नसेल तर आत्ता लिहून चिकटवा.