कॉम्प्युटरमधून बाहेर काय जातंय ते बघा आणि नको ते अडवा (विंडोजवाल्यांसाठी)

फायरवॉल (नेटवरून ये-जा करणाऱ्या कनेक्शन्सना सोडायचं की अडवायचं ते ठरवणारा प्रोग्राम) चालू आहे म्हणजे आपण सेफ, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण विंडोजचा फायरवॉल डिफॉल्ट सेटिंगला फक्त बाहेरून आत येणाऱ्यांना अडवतो. सोसायटीचा वॉचमन कसा येणाऱ्याला "कुठे जायचंय" विचारतो आणि जाणाऱ्याकडे बघतही नाही, तसंच. आतून बाहेर जाणारं कनेक्शन, तुम्ही मुद्दाम रूल केला नसेल तर, सरळ सोडलं जातं आणि तुम्हाला कोणी विचारत नाही. मशीन आपलं, त्यातली माहिती आपली, मग कुठलं सॉफ्टवेअर कोणाशी बोलतंय हे आपल्याला कळलंच पाहिजे, आणि ते बघायला इंजिनियर असायची गरज नाही.

पहिले काही दिवस नुसतं बघा, काहीच ब्लॉक करू नका. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधलं तर त्यात नेटवर्कचा टॅब आहे, पण माझ्या मते टीसीपीव्ह्यू जास्त बरं, कुठला प्रोग्राम कुठल्या पत्त्याशी जोडलेला आहे ते दाखवतं, मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं टूल आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवा, दुसरीकडून नको. अॅडमिन म्हणून रन करा, मग ब्राउझर, व्हॉट्सअॅप, मेल सगळं बंद करा आणि चहा होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसा. नवीन कनेक्शन हिरवं दिसतं, बंद होणारं लाल, स्टेट बदललं की पिवळं. तुम्ही काहीच करत नसताना जी नावं हिरवी होतात ती लिहून ठेवा.

लोकांना घाबरवणाऱ्या बऱ्याच ओळी कामाच्या नसतात. १२७.०.०.१ म्हणजे तुमचंच मशीन, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे घरातला राउटर, प्रिंटर वगैरे, ते बाहेर जात नाही. स्टेटच्या कॉलममध्ये एस्टॅब्लिश्ड (म्हणजे कनेक्शन जोडलेलं आहे) आणि रिमोट पत्ता बाहेरचा, अशा ओळी बघायच्या. राइट क्लिक करून हूइज केलं की पत्ता कोणाच्या नावावर आहे ते कळतं, पण उत्तर बहुतेक वेळा अॅमेझॉन किंवा अकामाई (दुसऱ्यांना सर्व्हर पुरवणाऱ्या कंपन्या) असंच येतं कारण अर्धं जग त्यांच्याच सर्व्हरवर आहे, त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून निकाल लावू नका, प्रोग्राम कोणता आहे ते महत्त्वाचं. अजून एक, यूडीपीच्या (टीसीपीसारखीच डेटा पाठवायची दुसरी पद्धत) ओळीत रिमोट पत्ता दिसत नाही, आणि ब्राउझर हल्ली बरंच काम यूडीपीवरून करतात, म्हणजे ही यादी पूर्ण आहे असं समजू नका.

एसव्हीसीहोस्ट हे नाव ढीगभर वेळा दिसेल. व्हायरस नाही तो, विंडोजच्या सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारी कामं) त्याच्या आत चालतात, आणि सरसकट ब्लॉक केलात तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) बंद, अपडेट बंद, घड्याळ जुळवणं बंद, मग नेट का चालत नाही म्हणून रात्रभर शोधत बसाल. त्याऐवजी ओळीतला पीआयडी (चालू प्रोग्रामला विंडोजने दिलेला नंबर) बघा, टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये तोच नंबर शोधा. साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर विंडोज १० पासून बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या चालतात, त्यामुळे नाव लगेच सापडतं.

आता अडवायचं कोणाला? मी प्रत्येक प्रोग्रामला एकच प्रश्न लावते, याच्या कामाला नेट लागतं का? पीडीएफ उघडायला नाही लागत, फोटो क्रॉप करायला नाही लागत. आणि मराठी टायपिंगची, फॉन्ट कन्व्हर्टरची जी सॉफ्टवेअर्स आपण कुठून कुठून उतरवतो त्यांना तर अजिबातच नाही, आपण टाइप करतो ते प्रत्येक अक्षर त्यांच्यामधून जातं, म्हणून पहिला रूल त्यांच्यावर करा. (विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या व्हर्जन्समध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आलेलाच आहे, तो वापरलात तर बाहेरचं काही टाकायलाच नको.)

रूल करायला विंडोज डिफेंडर फायरवॉल उघडा, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, डावीकडे आउटबाउंड रूल्स, उजवीकडे न्यू रूल. प्रोग्राम निवडा, त्याची ईएक्सई फाइल (ज्या फाइलने प्रोग्राम चालू होतो ती) दाखवा, ब्लॉक द कनेक्शन, पुढे डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक तिन्ही टिक राहू द्या, आणि नावाच्या सुरुवातीला स्वतःची एखादी खूण टाका म्हणजे नंतर शेकडो रूल्समध्ये सापडेल. त्याच फोल्डरमध्ये अपडेटरची वेगळी ईएक्सई असते, तिच्यासाठी वेगळा रूल लागतो, हे बहुतेक जण विसरतात. शिवाय रूल फाइलच्या पाथवर (ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यावर) असतो, काही अॅप्स दर अपडेटला नवीन फोल्डर करतात आणि तुमचा रूल जुन्या जागी पडून राहतो, म्हणून अपडेटनंतर टीसीपीव्ह्यू परत एकदा बघा.

प्रत्येक वेळी विचारणारं काहीतरी हवं असेल तर सिंपलवॉल बघा, फुकट आणि ओपन सोर्स. ते विंडोजच्या फायरवॉलवर अवलंबून नाही, विंडोजच्या आतल्या, कनेक्शन्स गाळणाऱ्या फिल्टरिंग प्लॅटफॉर्मवर स्वतःचे फिल्टर लावतं. चालू केलं की परवानगी नसलेलं सगळं बंद, आणि कोणी बाहेर जायला बघितलं की नोटिफिकेशन येतं. सुरुवातीला टेम्पररी मोड घ्या, काही बिघडलं तर रीस्टार्टला फिल्टर जातात. काढून टाकायचं असेल तर आधी डिसेबल फिल्टर्स दाबा, नाहीतर प्रोग्राम जाईल आणि फिल्टर तसेच राहतील.

विंडोजची स्वतःची माहिती पाठवणं घरगुती (होम) व्हर्जनमध्ये सेटिंगमधून पूर्ण बंद होत नाही, पण प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डायग्नॉस्टिक्समधलं ऑप्शनल डेटा बंद करता येतं, ते आजच करा.

मॅकवर असाल तर असंच विचारणारं लुलू फुकट आहे, लिटल स्निच विकतचं पण जास्त सोयीचं. लिनक्सवाल्यांसाठी ओपनस्निच, डेबियन आणि आर्च या लिनक्सच्या प्रकारांच्या रेपोमध्येच (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यात) मिळतं.

आणि यातून काय होणार नाही तेही सांगते. ब्राउझरला परवानगी आहे म्हणजे त्याच्या आतल्या एक्स्टेन्शनलाही (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामलाही) आहे, फायरवॉलला दोघं एकच दिसतात, त्यामुळे एक्स्टेन्शन्स हाताने तपासून नको ती काढा. आणि ज्या प्रोग्रामला तुम्ही अॅडमिनची परवानगी दिली तो फायरवॉलचे रूल्स स्वतः बदलू शकतो, म्हणून इन्स्टॉल करताना ती येस-नोची खिडकी येते तेव्हा वाचल्याशिवाय येस दाबू नका.