ऑनलाइन मास्टर्सची फी भरण्याआधी पदवी कशी तपासावी

माझ्या बहिणीचा मुलगा बुटीबोरीच्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी तो नंदनवनला आमच्याकडे आला. तर्री पोह्याची प्लेट समोर निवत होती आणि फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. पलीकडे ऑनलाइन एमबीए विकणाऱ्या एका कंपनीचा काउन्सेलर. "मावशी, ते आजच भरा म्हणून राहिले. रात्री बारानंतर डिस्काउंट जाईल."

मी त्याला चार दिवस थांबायला लावलं. त्या चार दिवसांत आम्ही जे आणि ज्या क्रमाने तपासलं, ते खाली दिलं आहे. घरात कुणी ऑनलाइन एम.ए., एम.कॉम. किंवा एमबीए करायचं म्हणत असेल तर याच क्रमाने जा, कारण पहिल्याच पायरीवर गाडी अडली तर पुढचं बघायची गरज उरत नाही.

पहिली पायरी : हातात पदवीच पडणार आहे का, ते बघा

जाहिरातीत 'पीजी प्रोग्राम', 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम', 'मास्टर्स लेव्हल सर्टिफिकेट' असे शब्द असतात. यातलं काहीही एम.ए. किंवा एमबीए नाही. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे विद्यापीठाला आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच असतो. अ‍ॅप चालवणारी कंपनी कितीही नावाजलेली असली तरी तिला तो नाही. सर्टिफिकेट घेण्यात काही वाईट नाही, चांगलं शिकवलं तर ते उपयोगीच पडतं. पण पदवीच्या भावात ते विकत घेऊ नका. "माझ्या कागदावर नेमकं काय लिहिलेलं असेल?" असं ई-मेलने विचारा आणि उत्तर लेखीच मागा.

दुसरी पायरी : यादीत नाव शोधा, आणि नुसतं नाव नको

बहुतेकांची चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबते. लोक विचारतात, "विद्यापीठ यूजीसी मान्य आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. एखादं विद्यापीठ शंभर टक्के खरं असू शकतं, त्याला नॅकची (महाविद्यालयं-विद्यापीठांचा दर्जा तपासणारी संस्था) उत्तम श्रेणीही असू शकते, तरी त्याचा तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची परवानगी त्या वर्षी नसू शकते. २०२० च्या यूजीसी नियमांनुसार दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचं काम यूजीसीचा डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो, म्हणजे डीईबी, पाहतो. त्याच्या संकेतस्थळावर सत्रानुसार याद्या असतात. वर्षातून दोन सत्रं, एक जुलै-ऑगस्टचं आणि एक जानेवारी-फेब्रुवारीचं. या यादीत चार गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत : विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, पद्धत (दूरशिक्षण आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत) आणि तुमचं प्रवेशाचं सत्र. गेल्या वर्षीच्या यादीत नाव होतं म्हणून यंदा असेलच, असं नाही.

काही विषय तर या पद्धतीने शिकवायलाच मनाई आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट हे त्यातले. पीएच.डी.सुद्धा ऑनलाइन होत नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषयही बंद झाले. ऑनलाइन एम.ए. मानसशास्त्र करून समुपदेशक व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या बऱ्याच मुली माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी नवीन प्रवेश घेण्याआधी ही गोष्ट नक्की लक्षात घ्यावी.

यूजीसी बोगस विद्यापीठांची वेगळी यादीही काढते, तीही उघडून बघा. त्यात आपल्या नागपूरच्या पत्त्याचंही एक नाव आहे. फसवणूक फक्त दिल्ली-लखनौकडेच होते, असं समजू नका.

२०२४-२५ पासून आणखी एक खूण हाती आली आहे. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला डीईबी-आयडी काढावा लागतो आणि तो त्याच्या एबीसी आयडीला, म्हणजे क्रेडिट बँकेच्या खात्याला, जोडलेला असतो. "आयडीचं नंतर बघू, आधी पैसे भरा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

तिसरी पायरी : पैसे कुणाच्या खात्यात जातात?

भाच्याकडे पेमेंटची लिंक आली होती. ती आम्ही मोठ्या अक्षरांत करून वाचली. वर विद्यापीठाचा लोगो, खाली पैसे घेणाऱ्याच्या जागी भलत्याच खासगी कंपनीचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात हप्त्यांची सोय, आणि ती सोय म्हणजे एका वित्तसंस्थेचं भाच्याच्या नावावरचं कर्ज. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हटलं की आपल्याला ती कॉलेजची सवलत वाटते. प्रत्यक्षात उद्या शिक्षण सोडलं तरी वित्तसंस्थेचे हप्ते आपोआप थांबत नाहीत आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, तुमचाच खराब होतो.

विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम फ्रँचाइझी म्हणून दुसऱ्याला चालवायला देणं नियमात बसत नाही. याबद्दल यूजीसीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर इशाराही दिला होता. म्हणून प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर घ्या आणि पावती विद्यापीठाच्याच नावाची घ्या. विद्यापीठाच्या कार्यालयाचा नंबर त्यांच्या मूळ संकेतस्थळावरून शोधा. काउन्सेलरने दिलेला लावू नका.

परदेशी विद्यापीठाची पदवी घरबसल्या देतो म्हणणाऱ्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा. एड-टेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांशी करार करून दिल्या जाणाऱ्या अशा विनामान्यता परदेशी पदव्यांबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये सावध केलं आहे.

चौथी पायरी : अभ्यास खरंच होणार आहे का?

कागद चोख असला तरी पदवी पोकळ असू शकते. यासाठी साधा हिशेब करा. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, मोजणीत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ८० क्रेडिटचं दोन वर्षांचं मास्टर्स धरलं तर २,४०० तास झाले, म्हणजे आठवड्याला साधारण २३. "रोज अर्धा तास दिला की पुरे" असं सांगणारा एकतर तुम्हाला फसवतो आहे किंवा त्याचा अभ्यासक्रमच तेवढा आहे. आणि रोज बुटीबोरीला जाऊन-येऊन ते २३ तास कुठून काढणार, हा प्रश्न आम्हीही कागदावर वार लिहून सोडवला.

परीक्षा कशी होते, देखरेख कोण करतं, स्वाध्याय कोण तपासतं, शंका विचारल्यावर उत्तर देणारा माणूस विद्यापीठाचा प्राध्यापक असतो का, हे विचारा. एखादं नमुना लेक्चर मागा आणि पूर्ण ऐका. आम्ही एक ऐकलं. शिकवणारे तासभर पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवत होते. भाचा विसाव्या मिनिटाला जांभया द्यायला लागला.

पाचवी पायरी : ज्याच्यासाठी पदवी घेताय, त्यालाच विचारा

मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ५५ टक्के गुण असतील (राखीव प्रवर्गाला ५०) तर नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षांचा, दरवाजा उघडा राहतो. सरकारी कामापुरतं हे पुरेसं आहे. खासगी कंपनीला मात्र यूजीसी सांगू शकत नाही की याला बढती द्या.

म्हणून भाच्याने मंगळवारी त्याच्याच एचआर मॅडमना तीन प्रश्न विचारले. ऑनलाइन एमबीए अंतर्गत बढतीला धरता का? कोणत्या विद्यापीठाचं? आणि माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? तिसऱ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "एमबीएचं नंतर बघ. आधी जीएसटीचं काम पूर्ण हातात घे आणि कॉस्टिंग शीक." हे कुठलाच काउन्सेलर सांगणार नव्हता. तुमच्याही क्षेत्रात नागपूरच्या मिहान उद्योग प्रकल्पात किंवा पुण्यात जी पदं हवी आहेत, त्यांच्या दहा जाहिराती काढून बसा. किती ठिकाणी मास्टर्स मागितलंय आणि किती ठिकाणी नुसता अनुभव, ते मोजा.

शेवटी तुलना. तोच विषय इग्नूत, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा आपल्याच नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजात किती रुपयांत होतो, ते शेजारी शेजारी लिहा. जास्तीच्या पैशात नेमकं काय जास्त मिळतं, ते त्या आकड्यासमोर एका ओळीत लिहिता आलं पाहिजे.

प्रवेश घ्यायचं ठरलंच, तर डीईबीच्या यादीतल्या त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, माहितीपुस्तिकेची पीडीएफ, पावत्या आणि सगळे ई-मेल एका फोल्डरमध्ये ठेवा.

भाच्याने गुरुवारी त्या काउन्सेलरला नाही म्हणून कळवलं. शुक्रवारी पुन्हा मेसेज आला, डिस्काउंटची मुदत रविवारपर्यंत वाढवली म्हणून. त्याने ऑगस्टमध्ये कॉस्टिंगचा क्लास लावला. एमबीएचं पुढच्या वर्षी बघू म्हणतो, आणि यादी कुठे बघायची ते आता त्याला माहीत आहे.