लिनक्सवर पीडीएफ छापायला फार वेळ लागतोय?

प्रिंटरला दोष देण्याआधी वेळ नेमका कुठे जातोय ते बघा. प्रिंट दिल्यावर लगेच सिस्टम मॉनिटर उघडा. 'gs' (जीएस) नावाची प्रोसेस, म्हणजे पीडीएफचं प्रिंटरला कळेल अशा रूपात रूपांतर करणारा घोस्टस्क्रिप्ट प्रोग्रॅम, प्रोसेसर खात बसली असेल तर फाइलचं रूपांतर संगणकावरच अडकलंय. प्रोसेसर निवांत असेल तर संशय प्रिंटरवर किंवा वायफायवर.

रूपांतर अडकत असेल तर आधी रिझोल्यूशन उतरवा. १२०० ऐवजी ६०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) केलं की पिक्सेल थेट एक चतुर्थांश होतात, आणि मजकुराच्या पानांना ६०० भरपूर झाले. ब्राउझरमध्ये localhost:631 हा पत्ता टाकला की कप्सचं, म्हणजे लिनक्सच्या छपाई यंत्रणेचं, पान उघडतं; तिथे प्रिंटर निवडून 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मध्ये हे कायमचं बदलता येतं.

फाइलमधली ठरावीक पानंच रखडतात का? तिथे बहुधा अर्धपारदर्शक सावल्या किंवा वॉटरमार्क असतो. रूपांतरात वापरल्या जाणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या जुन्या भाषेला अशी पारदर्शकता झेपत नाही, त्यामुळे तो भाग चित्र बनून जातो आणि जॉब फुगतो. प्रिंटर बऱ्यापैकी नवा असेल तर कप्सच्या यादीतून तो काढून पुन्हा जोडा आणि ड्रायव्हर म्हणून 'आयपीपी एव्हरीव्हेअर' (IPP Everywhere, कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) निवडा. पोस्टस्क्रिप्टचा फेराच टळतो.